प्रतिभेचे भांडवल कोणाचे?



कलावंताविषयी बोलताना दोन टोकांच्या भूमिका नेहमी ऐकू येतात. पहिली भूमिका सांगते की प्रतिभा ही दैवी देणगी आहे. ज्याला ती लाभायची त्याला लाभते, समाजाने फार तर तिच्यापुढे हात जोडावेत. दुसरी भूमिका सार्वजनिक कामात आयुष्य वेचणाऱ्यांमध्ये अधिक आढळते. तिच्या मते पुस्तके, संगीत, छायाचित्रे हा फुरसतीचा व्यवहार आहे. मोर्चाला पोवाडा आणि सभेला भित्तिपत्रक मिळाले की कलेचे काम संपले. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही भूमिकांचा निष्कर्ष मात्र एकच निघतो : कलावंत कसा घडतो याची चौकशी करण्याचे कारण नाही. वस्तुतः ही चौकशी अत्यंत अगत्याची आहे आणि ती करावयाची तर सत्यजित राय यांच्यासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. ग्रंथ, संगीत, छायाचित्रण आणि मुद्रणसजावट या चारही गोष्टी त्यांच्या चित्रपटांत एकत्र आल्या. आणि त्यांतली कोणती गोष्ट त्यांनी केव्हा, कोठे आणि कोणाच्या सहवासात मिळवली, हे बऱ्याच अंशी ज्ञात आहे. दैवी देणगीच्या खाती काय जमा करावे आणि समाजाच्या खाती काय, याचा हिशेब येथे मांडता येतो.

हा हिशेब एका छापखान्यापासून सुरू होतो. राय यांचा जन्म २ मे १९२१ रोजी कलकत्त्यात, गडपार रोडवरील ज्या घरात झाला त्याच घरात 'यू. राय अँड सन्स' या संस्थेचा छापखाना होता. आजोबा उपेंद्रकिशोर हे बालसाहित्यकार, चित्रकार, व्हायोलिनवादक आणि त्याचबरोबर हाफटोन ठसे तयार करण्याच्या शास्त्राचे मोठे अभ्यासक. छायाचित्र कागदावर उतरवताना त्याचे बारीक बारीक ठिपक्यांत रूपांतर कसे करावे, यावरचे त्यांचे संशोधन इंग्लंडमधील मुद्रणविषयक वार्षिकात प्रसिद्ध होत असे. वडील सुकुमार हे बंगालीतील विनोदी बालकवितेचे शिल्पकार. परंतु १९११ साली ते विलायतेला गेले ते काव्याचा नव्हे, तर मुद्रणाचा आणि छायाचित्रणाचा अभ्यास करण्यासाठी. १९१३ साली उपेंद्रकिशोरांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक सुरू केले. मजकूर घरचा, चित्रे घरची, ठसे घरचे आणि छपाईही घरची.

याच १९१३ साली मुंबईत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, हा योगायोग मराठी वाचकाला विचार करायला लावणारा आहे. फाळकेही मूळचे छायाचित्रण आणि ठसे बनवण्याच्या धंद्यातलेच. चित्रपटापूर्वी त्यांनी लोणावळ्यात आणि पुढे दादरला मुद्रणाचा व्यवसाय केला होता. ज्या हातांनी शाई, जस्ताचा पत्रा आणि भिंग हाताळले, त्याच हातांनी या देशात नवी दृश्यकला उभी केली. कलावंत आणि कारागीर यांच्यामध्ये भिंत बांधण्याची सवय पुढची. या कलेच्या जन्माच्या वेळी ती भिंत नव्हती.

आता हिशेबाची दुसरी बाजू. उपेंद्रकिशोर १९१५ साली गेले. सुकुमार १९२३ साली गेले, तेव्हा सत्यजित अडीच वर्षांचेही नव्हते. पुढे काही वर्षांतच संस्था दिवाळ्यात निघाली, छापखाना गेला, घरही सोडावे लागले. आई सुप्रभादेवी मुलाला घेऊन भावाच्या आश्रयाला आल्या आणि विधवांसाठी चालणाऱ्या एका संस्थेत शिकवू लागल्या. पैशाच्या दृष्टीने हे कुटुंब त्या काळात रिकामे झाले होते. पण छापखाना लिलावात निघतो, अभिरुची निघत नाही. 'संदेश'चे जुने अंक घरात राहिले. पुस्तके वाचणारे, गाणारे, छायाचित्रे काढणारे मामा-काका-आत्या राहिले. फोनोग्राफच्या तबकड्या ऐकणे ही त्या घरात चैन समजली जात नसे. गरिबीचे दोन प्रकार असतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. एका गरिबीत पैसा नसतो. दुसरीत पैशाबरोबर पुस्तक, सूर, चित्र आणि त्यांविषयी बोलणारे माणूस यांपैकी काहीच नसते. राय यांच्या वाट्याला पहिली गरिबी आली. दुसरी आली असती, तर आज त्यांच्याविषयी बोलण्याचे कारण उरले नसते.

प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून अर्थशास्त्राची पदवी घेतल्यानंतर, १९४० साली आईच्या आग्रहाने ते शांतिनिकेतनात गेले. स्वतःची फारशी इच्छा नव्हती. तेथे अडीच वर्षांत त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे आपण चित्रकार होणार नाही, ही स्पष्ट जाणीव. शिक्षणाने माणसाला त्याचा रस्ता दाखवावा तसा नसलेला रस्ताही दाखवावा, या दृष्टीने ही प्राप्ती लहान नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे पाहण्याची शिस्त. नंदलाल बोस आणि बिनोदबिहारी मुखर्जी यांच्या हाताखाली त्यांनी झाड, गुरे, माणसाची चाल यांकडे पाहायला शिकून घेतले. मित्रांबरोबर रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून प्रवास करून त्यांनी अजिंठा, वेरूळ आणि घारापुरी ही लेणी पाहिली. मोठ्या अवकाशात आकृत्यांची मांडणी कशी असते, याचा तो वस्तुपाठ होता. जर्मनीतून नाझी राजवटीमुळे बाहेर पडलेले अ‍ॅलेक्स आरॉनसन हे ज्यू अध्यापक तेव्हा शांतिनिकेतनात इंग्रजी शिकवीत होते. त्यांच्याकडे पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या. त्यांच्या खोलीत बसून या तरुणाने बाख, मोझार्ट आणि बेथोव्हेन ऐकले. ग्रंथालयाच्या कपाटात चित्रपटकलेवरील काही पुस्तके सापडली, ती वाचून काढली. चित्रपट शिकवणारी शाळा त्या वेळी देशात नव्हती. ती एका ग्रंथालयाच्या कपाटात आणि एका निर्वासिताच्या खोलीत भरली. बिनोदबिहारींचे ऋण राय यांनी १९७२ साली फेडले. दृष्टी गेल्यानंतरही काम करीत राहिलेल्या या गुरूवर त्यांनी एक लघुपट काढला.

१९४३ च्या एप्रिलमध्ये ते डी. जे. केमर या ब्रिटिश जाहिरातसंस्थेत रुजू झाले. पगार महिना ऐंशी रुपये. जाहिरातीच्या धंद्याकडे तुच्छतेने पाहण्याची रीत आहे आणि तिला कारणेही आहेत. परंतु राय यांच्या घडणीत या नोकरीचा वाटा मोठा आहे. ठरलेल्या जागेत, ठरलेल्या मुदतीत, अपरिचित माणसाच्या डोळ्याला थांबवील अशी मांडणी करणे ही एक कठोर तालीम असते. त्याच सुमारास डी. के. गुप्ता यांनी 'सिग्नेट प्रेस' ही प्रकाशनसंस्था काढली आणि मुखपृष्ठांचे काम राय यांच्याकडे सोपवले. जीवनानंद दास यांच्या कवितासंग्रहांपासून जिम कॉर्बेट यांच्या शिकारकथांपर्यंत त्यांनी अनेक पुस्तके सजवली. कुमाऊँच्या नरभक्षक वाघांवरील पुस्तकाच्या बंगाली आवृत्तीचे मुखपृष्ठ प्रसिद्ध आहे. पुढच्या पानभर वाघाचे पट्टेदार कातडे आणि त्यात गोळी शिरल्याचे लहानसे भोक. पाठीमागच्या पानावर तीच गोळी बाहेर पडल्याचे मोठे भोक. म्हणजे वाचकाच्या हातात आलेले पुस्तक हाच वाघ. यात अलंकरण काही नाही. पुस्तक ही दोन बाजू असलेली वस्तू आहे, एवढ्या साध्या गोष्टीचा पुरता विचार आहे. सजावट म्हणजे वरून लावलेला साज ही समजूत ज्यांच्या मनात असेल, त्यांनी हे मुखपृष्ठ अवश्य पाहावे. 'एक्षण' या बंगाली वाङ्मयीन नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी नावातील तीनच अक्षरे घेऊन अंकागणिक नवी रचना केली. रोमन लिपीच्या अक्षरमालाही त्यांनी घडवल्या. आजोबांच्या छापखान्यातील शाई अशी नातवाच्या बोटांपर्यंत पोहोचली होती.

सिग्नेटच्याच कामातून 'पथेर पांचाली' त्यांच्या हाती आली. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या या कादंबरीची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती निघत होती आणि तिची चित्रे काढायची होती. ही चित्रे काढता काढताच यातून चित्रपट होईल असे त्यांना वाटू लागले. एका पुस्तकाची बांधणी करताना एका चित्रपटाचे बीज पडले.

परंतु बीजाला जमीन लागते. १९४७ साली राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांचे मित्र यांनी 'कलकत्ता फिल्म सोसायटी' स्थापन केली. देशोदेशीचे चित्रपट मिळवायचे, मिळून पाहायचे आणि पाहून झाल्यावर भांडायचे, असा हा उद्योग. आयझेन्स्टाइन यांच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'पासून तो सुरू झाला. १९४९ साली फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेन्वार कलकत्त्यात आले, तेव्हा चित्रणाच्या जागा शोधण्यासाठी राय त्यांच्याबरोबर हिंडले. १९५० साली नोकरीच्या निमित्ताने सहा महिने लंडनला राहिले आणि तेवढ्या काळात शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. त्यांत डे सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' होता. व्यावसायिक नटांशिवाय, स्टुडिओबाहेर, गरीब माणसाच्या साध्या गोष्टीतून महान कृती उभी राहू शकते, याचा तो पुरावा होता.

छायाचित्रणाची बाजू येथे सांगितली पाहिजे. आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचे राय हे चाहते होते. उपलब्ध प्रकाशात, माणसाला उभे न करता, जीवन चालू असतानाच त्याची रचना पकडावी, हे ब्रेसाँचे सूत्र त्यांना चित्रपटात हवे होते. म्हणून त्यांनी छायालेखक निवडला तो सुब्रत मित्र. वय एकवीस, चलच्चित्रणाचा कॅमेरा पूर्वी कधी चालवलेला नाही, स्थिरचित्रांचा मात्र नाद. या तरुणाने पुढे १९५६ च्या 'अपराजित'मध्ये, स्टुडिओत उभारलेल्या काशीच्या घराच्या चौकावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा प्रकाश त्यावर पाडून परावर्तित केला. घराच्या चौकात आभाळातून झिरपतो तसा, सावली न पाडणारा उजेड त्यातून मिळाला. तंत्रातील ही सुधारणा परदेशी यंत्रसामग्रीतून आलेली नाही. आपल्याकडच्या घरात उजेड कसा येतो, याच्या निरीक्षणातून ती आली.

'पथेर पांचाली'चे चित्रण ऑक्टोबर १९५२ मध्ये सुरू झाले. नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी. कासाच्या पांढऱ्या फुलोऱ्यातला प्रसंग एका रविवारी निम्मा झाला. पुढच्या खेपेला मंडळी गेली तो गुरांनी सारा फुलोरा खाऊन टाकलेला. पुढचा हंगाम येईपर्यंत थांबावे लागले. पैसा संपला तेव्हा पत्नीचे दागिने गहाण पडले, जिवापाड जपलेल्या तबकड्या आणि पुस्तके विकली गेली. अखेर पश्चिम बंगाल सरकारने पैसा घातला आणि चित्रपट पुरा झाला. नावात 'पथ' असल्यामुळे तो रस्तासुधारणेच्या खाती मांडला गेला, अशी आख्यायिका आहे. ही आख्यायिका विनोद म्हणून सांगितली जाते. तिच्यातला अर्थ मात्र विनोदी नाही. खाजगी निर्मात्यांनी नाकारलेली ही कृती सार्वजनिक पैशातून उभी राहिली. मे १९५५ मध्ये ती न्यूयॉर्कला आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्यात दाखवली गेली आणि १९५६ साली कान येथे तिचा गौरव झाला.

संगीताची वाटचाल याहून सावकाश झाली. पहिल्या चित्रपटाचे संगीत रविशंकर यांनी एका रात्रीच्या बैठकीत दिले. पुढे विलायत खाँ आणि अली अकबर खाँ यांनी राय यांच्याबरोबर काम केले. हे सारे श्रेष्ठ कलावंत. परंतु मैफलीचा विस्तार निराळा आणि पडद्यावरच्या काही क्षणांची गरज निराळी. तेव्हा १९६१ च्या 'तीन कन्या'पासून राय यांनी स्वतःच संगीतरचना सुरू केली. वय चाळीस. पाश्चात्त्य स्वरलेखन त्यांनी स्वतःचे स्वतः, तबकड्या ऐकत आणि स्वरलिपीची पुस्तके वाचत शिकून घेतले होते. १९६४ च्या 'चारुलता'च्या बांधणीमागे मोझार्ट होता, असे ते सांगत. १९६९ च्या 'गुपी गाईन बाघा बाईन'मध्ये गीते त्यांची, चाली त्यांच्या, वेशभूषेची रेखाटने त्यांची, आणि मूळ कथा आजोबांनी 'संदेश'मध्ये लिहिलेली. बंद पडलेला 'संदेश' त्यांनी १९६१ साली कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साहाय्याने पुन्हा चालू केला होता. पटकथा ते व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या लाल कापडी वह्यांत लिहीत. एका पानावर संवाद, बाजूला चौकटीचे रेखाटन, कडेला स्वरांची ओळ. ग्रंथ, चित्र आणि सूर यांचा मेळ त्या वहीत दिसतो.

आता एका गंभीर आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. ज्या १९४३ साली राय जाहिरातीच्या कचेरीत रुजू झाले, त्याच साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे अन्नावाचून मरत होती. चित्तप्रसाद यांनी मेदिनीपूर जिल्हा पायी हिंडून उपाशी माणसांची चित्रे काढली. त्यांचे पुस्तक इंग्रज सरकारने जप्त करून जाळले. पुढे हेच चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहिले आणि विपन्नावस्थेतही काम करीत राहिले. सुनील जाना यांनी दुष्काळाची छायाचित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या साप्ताहिकातून देशापुढे आणली. राय यांनी मात्र त्या दुष्काळावरचा 'अशनि संकेत' काढला तो १९७३ साली, तीस वर्षांनी. मग यांपैकी कोणता कलावंत लोकांचा?

या प्रश्नाचे घाईचे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच ते टाळले पाहिजे. चित्तप्रसादांचे रेखाटन त्या वर्षी लागत होते. ते तीस वर्षे थांबले असते तर तो अपराध ठरला असता. दुष्काळ माणसे मारतो, त्याच्या आधी शेजारधर्म कसा कुरतडतो, एखाद्या खेड्यात तांदळाचा भाव वाढू लागतो तेव्हा घराघरांतली भाषा कशी बदलते, हे सांगायला मात्र दुसऱ्या प्रकारची कला लागते आणि तिला वेळ लागतो. जी चळवळ केवळ पहिल्या कलेचा सन्मान करते, तिच्यापाशी घोषणा उरतात आणि माणसे समजण्याची शक्ती ओसरते. जी केवळ दुसरीची वाट पाहते, तिच्या डोळ्यांदेखत माणसे मरतात. दोघांना एकाच वजनाने तोलणे हा अन्याय आहे.

शिवाय राय यांची कला सत्तेपुढे मुकी राहिली, असेही म्हणता येत नाही. आणीबाणी उठल्यानंतर तीन वर्षांनी, १९८० साली आलेल्या 'हीरक राजार देशे' या बालचित्रपटातील राजा शाळा बंद करतो, पुस्तके जाळतो आणि प्रजेचा मेंदू धुण्याचे यंत्र बसवतो. त्याच्याविरुद्ध उभा राहतो तो एक शाळामास्तर. मुलांनी हसत हसत पाहावा आणि मोठ्यांनी घरी जाताना गप्प व्हावे, असा हा चित्रपट आहे.

आणि १९८१ साली दूरदर्शनसाठी काढलेली 'सद्गती'. प्रेमचंदांच्या कथेतील दुखी हा चर्मकार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला ब्राह्मणाच्या दारी जातो. मोबदला म्हणून त्याला उपाशीपोटी अंगण झाडावे लागते, भुसा वाहावा लागतो आणि न फुटणारा ओंडका फोडावा लागतो. त्या ओंडक्याशीच तो मरून पडतो. प्रेताला हात कोण लावणार? पहाटे ब्राह्मण पायाला दोर अडकवून ते ओढत नेतो. ओम पुरी, स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांच्या भूमिका असलेल्या या चित्रपटात एकही भाषण नाही. पण आरंभी केलेली चौकशी येथे येऊन थांबते आणि उलट प्रश्न विचारते. गडपारच्या घरातील मुलाने वडील गमावले, छापखाना गमावला, घर गमावले. तरी त्याच्यापाशी तीन पिढ्यांचे संचित होते. दुखीच्या घरी तीन पिढ्यांचे काय होते? त्या घरात जन्मलेल्या मुलाच्या अंगी राय यांच्याइतकीच दृष्टी आणि तेवढाच कान असेल, तर त्याची वाट कोणत्या कपाटापाशी, कोणत्या खोलीत सुरू होणार?

यावर असे म्हटले जाईल की काळ बदलला. आज गावोगाव मुलांच्या हाती मोबाइल आहे, त्यात कॅमेरा आहे, जगातले संगीत आणि चित्रपट त्यावर मिळतात. हे खरे आहे आणि ही लहान क्रांती नाही. तथापि राय यांच्या घडणीत तबकडीइतकेच महत्त्व ती कोणाबरोबर ऐकली याला आहे. चित्रपटाइतकेच महत्त्व त्यानंतरच्या वादाला आहे. साधन स्वस्त झाले म्हणून संगत मिळतेच असे नाही. आज दुर्मिळ झाले आहे ते बरोबर बसून पाहणारे माणूस आणि बाजाराने न गिळलेला तास.

हे दोन्ही उभे करणे संघटनेच्या आवाक्यातले काम आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालापासून आहे. मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' १९६८ साली सुरू झाले. पुण्यात चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय त्याआधी, १९६४ साली. पायाभरणी झालेली आहे. कार्यकर्त्याने स्वतःला विचारायचे ते इतकेच : गावातील वाचनालयाच्या कपाटाची किल्ली कोणापाशी असते? वस्तीतील मुलगी तेथे गेली, तर तिला पुस्तक काढून देणारे, ते वाचून झाल्यावर तिच्याशी वाद घालणारे कोणी आहे काय? शाखेच्या खोलीत महिन्यातून एक संध्याकाळ ठरावाविना, एखादा चित्रपट किंवा छायाचित्रांचे एखादे पुस्तक मिळून पाहण्यात घालवता येईल काय? आणि त्या संध्याकाळचा हिशेब कोणी मागितला, तर तीस वर्षे थांबण्याची तयारी आहे काय?

जमीन, कारखाना आणि पाणी यांच्या मालकीचा प्रश्न विचारणाऱ्यांनी या मालकीचाही प्रश्न विचारला पाहिजे. राय यांना जे वारशाने मिळाले, ते दुखीच्या मुलांना हक्काने मिळाले पाहिजे.